जंगलाचा पंचनामा

ज्याच्या तालुक्यात जंगल नाही त्याने जंगलाविषयी लिहू नये असा कोणताही कायदा अस्तित्वात नसल्यामुळे, आणि तसा तो असता तर जगातील निम्मे जंगलपट निघालेच नसते हे उघड असल्यामुळे, प्रस्तुत लेखनास मी निःशंक मनाने प्रारंभ करीत आहे. आमचे देवणी हे लातूर जिल्ह्याच्या पूर्वेस, कर्नाटकाच्या सीमेला खेटून वसलेले गाव. काळी जमीन, तूर, सोयाबीन, बांधावरची बाभूळ आणि पीक तुडवायला येणारी रानडुकरे, एवढीच आमची वनश्री. सबंध जिल्ह्याचे वनक्षेत्र शेकडा एकही भरत नाही. गावाची जी काही कीर्ती दिगंत पसरली आहे ती वाघसिंहांमुळे नसून देवणी जातीच्या गाईबैलांमुळे पसरली आहे; आणि त्या जातीतला वानेरा कोणता, बालंक्या कोणता व शेवरा कोणता, हे इथले शेंबडे पोरही अंगावरच्या काळ्यापांढऱ्या रंगावरून लांबूनच सांगते. अशा गावी जन्मून ज्याने महसूल खात्याच्या दप्तरात हयात घालवली, त्या इसमास जनावर आणि जमीन या दोन बाबतींत फसवणे सोपे नाही, एवढाच या विषयावरील माझा अधिकार.

सेवानिवृत्तीनंतर नातवाने हाती मोबाइल दिला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकन जंगलपट, ज्यांचे स्वामित्वहक्क केव्हाच लयास गेले आहेत आणि जे त्यामुळे विनामूल्य पाहावयास मिळतात, यांचे मला व्यसन जडले. रात्री जेवणे आटोपल्यावर मी कानाला यंत्र लावून बसलो की आमच्या सौभाग्यवती आतून विचारतात, ‘‘अहो, ते माकड मेलं का अजून?’’ माकड सहसा मरत नाही. मरतात ती माणसे, आणि तीही ज्यांची नावे प्रेक्षकास कळलेली नसतात अशी.

हे चित्रपट काढणाऱ्यांची सांपत्तिक स्थिती प्रथम नमूद केली पाहिजे. हॉलिवूडच्या वैभवशाली स्टुडिओंच्या सावलीत मोनोग्राम, पीआरसी अशा काही कंपन्या कशाबशा तग धरून होत्या. धंद्यातले लोक त्यांच्या वस्तीस दारिद्र्याची आळी म्हणत. पीआरसीचे सॅम न्यूफील्ड हे दिग्दर्शक इतक्या झपाट्याने चित्रपट हातावेगळे करीत, की एकच नाव वारंवार पडद्यावर दिसू नये म्हणून त्यांनी पीटर स्टुअर्ट आणि शेरमन स्कॉट अशी आणखी दोन नावे धारण केली होती. कंपनीचे निर्मितीप्रमुख त्यांचे सख्खे बंधू असल्याने या तिन्ही इसमांना काम मिळण्यात कधी अडचण आली नाही. आमच्या खात्यात एका माणसाने तीन नावांनी सह्या केल्या असत्या तर त्याची विभागीय चौकशी लागली असती.

आता स्थळपाहणी. चित्रपटातील जंगलाच्या चतुःसीमा बहुधा येणेप्रमाणे असतात : पूर्वेस कापडावर रंगवलेला डोंगर, पश्चिमेस विजेचे दिवे, दक्षिणेस कॅमेरा, आणि उत्तरेस गेल्या आठवड्यात पूर्ण झालेल्या एखाद्या घोडेस्वारपटाचे सामान. वृक्षसंपदा कुंड्यांतली असते. नायक ज्या केळीच्या आडून निघतो तिच्याच आड थोड्या वेळाने खलनायक दबा धरतो, आणि दोघांचाही मुक्काम दोन दिवसांच्या चालीनंतर पुन्हा त्याच केळीपाशी पडतो. श्वापदांची व्यवस्था याहून काटकसरीची. नायक डावीकडे पाहून दचकतो. लगेच कोणा जुन्या प्रवासपटातला, धूसर झालेला, दुसऱ्याच ऋतूतला सिंह जांभई देतो. नायक घाम पुसतो. दोघांची प्रत्यक्ष गाठ कधीच पडत नाही. श्रीमंत कंपन्याही या बाबतीत निर्दोष नव्हत्या. एमजीएमच्या टारझनपटांत आफ्रिकेचा म्हणून जो हत्ती मिरवला तो वस्तुतः आपल्याकडचा, हिंदी वंशाचा होता, आणि आफ्रिकी हत्तीचे कान मोठे असतात हे कोणा जाणकाराने लक्षात आणून दिल्यामुळे त्यास वरून खोटे कान बसवले होते. गाईच्या ठिपक्यांवरून वंश ओळखणाऱ्या आमच्या गावात हा प्रकार चालला नसता. बाजाराच्या दिवशी बोभाटा झाला असता.

परंतु जमिनीचा प्रश्न जनावरांहून गंभीर आहे. १९४२ सालच्या ‘जंगल सायरन’मध्ये बस्टर क्रॅब हे अमेरिकन अभियंते आफ्रिकेतील जंगलात विमानतळासाठी जागेची मोजणी करावयास येतात, हे कळताच मी खुर्चीत सावरून बसलो. व्यवसायबंधू म्हणून त्यांच्याविषयी मला जी आस्था वाटली ती फार काळ टिकली नाही. कारण अखेरपर्यंत या गृहस्थांनी मोजणीच्या कामात म्हणावे तसे लक्ष घातले नाही, लगतच्या कब्जेदारांस नोटिसा दिल्या नाहीत, कोणाची हरकत ऐकली नाही. नाझी हेर आणि ॲन कोरिओ यांनी साकारलेली एक गोरी वनकन्या, या दोघांकडेच त्यांचे सर्व कार्यालयीन लक्ष लागून राहिले. ही वनकन्या जंगलात लहानाची मोठी झाली असली तरी तिचे केस विंचरलेले, ओठ रंगवलेले आणि वस्त्र इस्त्रीचे असते. १९४४ च्या ‘नबोंगा’त हाच प्रकार. कैरोच्या पेढीत अफरातफर करून पळालेल्या बापाचे विमान जंगलात कोसळते, मुलगी एका गोरिलाच्या आश्रयाने वाढते, आणि चोरीचा मुद्देमाल तिच्यापाशी सुखरूप राहतो. या दोन्ही स्त्रिया आपापल्या मुलखात राणीसारख्या वावरतात. कोणत्या दस्तऐवजाने? वारसा नाही, खरेदीखत नाही, वहिवाट म्हणावी तर पिढ्यान् पिढ्या तिथे नांदणारी माणसे बाजूलाच भाले घेऊन उभी आहेत. गोरी कातडी हाच सातबारा, असे त्या काळच्या पटकथाकारांचे महसुली तत्त्व दिसते.

ती भाले घेतलेली माणसे हा या पंचनाम्यातील सर्वांत मोठा आक्षेप. त्यांस बोलण्यापुरती भाषा नसते, पण ढोल असतो. रात्री ढोल वाजू लागला की गोरे पाहुणे एकमेकांकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहतात. आमच्याकडे रात्री ढोल वाजला तर फार तर वरात आहे किंवा भजनी मंडळास उत्साह आला आहे, असे समजून माणूस कूस बदलतो. शत्रूने चिथावले की ही मंडळी चिथतात, नायकाने समजावले की समजतात. स्वतःचे असे मत त्यांस परवडत नसावे. मँटन मोरलँड या कृष्णवर्णी नटाच्या वाट्याला अशा चित्रपटांत कायम भित्र्या नोकराची भूमिका येई. डोळे गरगर फिरवणे आणि पळणे, एवढ्या भांडवलावर हा माणूस सबंध चित्रपट सावरून नेई, आणि नायक नावाचा जो इसम शेजारी उभा असे त्यापेक्षा अभिनय कशाशी खातात हे त्यास पुष्कळ अधिक ठाऊक होते. मोनोग्रामच्या ‘लॉ ऑफ द जंगल’ (१९४२) मध्ये तर टोळीचा नायक ऑक्सफर्डला शिकून आलेला निघतो. हा विनोद म्हणून योजलेला आहे. मला मात्र त्या चित्रपटातील हे एकमेव वास्तव वाटले, कारण शिकूनसवरून गावी परतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसणारा अपरिमित कंटाळा मी आमच्याकडे पुष्कळ पाहिला आहे.

यावर कोणी म्हणेल, हे साहेबांचे चाळे. आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. मुंबईत वाडिया बंधूंच्या वाडिया मूव्हीटोनने १९३७ सालीच ‘तूफानी टारझन’ काढला होता. जॉन कावस हे बलदंड पारशी गृहस्थ त्यात टारझन झाले. ऐन युद्धात, १९४२ मध्ये, फिअरलेस नादिया यांचा ‘जंगल प्रिन्सेस’ आला. त्या सुमारास कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण येऊन चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली, तरी आमच्या निर्मात्यांनी वानर, वादळ आणि वन्य टोळी यांपैकी काहीही कमी केले नाही. पुढे होमी वाडियांनी १९५८ साली ‘झिंबो’ काढला, आणि तो फिरत्या तंबूतून आमच्या भागात आला तेव्हा मी शाळकरी वयात, वडिलांचे धोतर धरून, तो पाहिला. माझ्या पुढे बसलेल्या बैलबाजारातील मंडळींनी पडद्यावरील सिंहाची निर्विकार पारख केली. एकजण म्हणाला, ‘‘ह्यो तर पार जुळून म्हातारा झालाय. फुकट दिला तरी कोन घेईल?’’ दुसऱ्याने त्याच्या चालीत खोड काढली. टोळीची माणसे नाचू लागली तेव्हा मात्र कोणीही त्यांची पारख केली नाही. सर्व तंबू मनसोक्त हसला. जनावर खोटे असले तर आमच्या लक्षात येते, माणूस खोटा असला तर येत नाही, ही गोष्ट तंबूतून बाहेर पडताना कोणाच्याही मनात आली नसावी.

वस्तुतः ती यावयास हवी होती, कारण पडद्याच्या दुसऱ्या बाजूस उभे राहण्याचा अनुभव आम्हां मराठवाड्याच्या लोकांस पुरेपूर आहे. पुण्याकडच्या एका सोयरे गृहस्थांनी बैठकीत मला पोक्तपणे विचारले होते, ‘‘तुमच्याकडे काय, सगळं रानच ना?’’ मी त्यांस वनक्षेत्राची टक्केवारी सांगितली, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ढोलाचा आवाज काही जाईना. तरीही शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ आले की आमचीच पोरे तोंडाला काजळी फासून, कमरेला लिंबाचा पाला बांधून, निरर्थक आरोळ्या ठोकत उड्या मारतात, आणि पालक कौतुकाने मोबाइल उंच धरतात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडे सागवानाचे खरेखुरे जंगल आहे. तिथे गोंड, कोलाम, आंध, परधान नांदतात. गोंडांची दिवाळीतली दंडारी आणि घुसाडीचा मोरपिसांचा मुकुट पाहावा तर डोळ्यांचे पारणे फिटते. त्या मुकुटाला लागणारी मेहनत पाल्याला लागत नाही, म्हणून संमेलनात पाला येतो. पीआरसीने नेमके हेच केले.

खरी जंगले त्या युद्धात कमी नव्हती. ‘जंगल सायरन’चे अभियंते कुंड्यांमधून विमानतळाची जागा शोधीत होते त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९४१ मध्ये, मलायातील कोटा भारूच्या विमानतळाच्या रखवालीस आमच्या निजामाची हैदराबाद पलटण उभी होती, आणि जपानी फौजा उतरल्या त्या तिथेच किनाऱ्यावर. तसेच म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू, ज्यास चित्रपटांनी उघड्या अंगाने हत्तीवर बसवून जगभर फिरवले, तो अमेरिकन हवाई दलात भरती होऊन बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीतला तोफची झाला आणि त्यास शौर्याबद्दल पदक मिळाले. म्हणजे पडद्यावर ज्यांस नुसते ओरडता येई त्यांच्याच भाईबंदांवर प्रत्यक्ष विमाने आणि विमानतळ सोपवलेले होते. या मंडळींवर कोणी दहा दिवसांत का होईना, एखादा स्वस्त चित्रपट काढला असता तर मी केळीची तीच कुंडी आनंदाने पन्नास वेळा पाहिली असती.

कारण स्वस्ताईबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. रंगवलेला डोंगर मला प्रिय आहे. रे कॉरिगन या गृहस्थांनी स्वतःच्या केसाळ पोशाखात शिरून, दिव्यांच्या उष्णतेत घामाघूम होत, जो गोरिला उभा केला त्याच्या प्रामाणिक कष्टांस तोड नाही. नातू म्हणतो, ‘‘आबा, आता संगणकावर अस्सल जंगल करतात.’’ करतात खरे. पानन् पान हलते, शेकडो कोटी लागतात, आणि मागे भाले घेतलेला जमाव पूर्वीइतकाच निनावी उभा असतो. तेव्हा दारिद्र्य खिशाचे नव्हते, एवढा शेरा मी निःसंकोचपणे मारू शकतो.

मात्र हा पंचनामा कायद्याने पुरा होऊ शकत नाही, हे नाइलाजाने नमूद करतो. पंच स्थानिक असावे लागतात आणि त्यांची नावे लिहावी लागतात. टोळीप्रमुख हितसंबंधी पडतो. वाटाड्या बहुधा जबाब देण्यापूर्वीच मरतो. बाकीच्या दोनशे इसमांस नाव देण्याइतकी फिल्म कंपनीपाशी शिल्लक नव्हती. ‘नबोंगा’पुरते बोलायचे तर त्या मुलखाचा जन्मापासूनचा रहिवासी, सर्व घटनांस समक्ष हजर, आणि ज्याचे नाव कंपनीने न विसरता ठेवले आहे असा साक्षीदार एकच उरतो : सॅम्सन, जात गोरिला, वय सज्ञान. त्याचा अंगठा घेण्यास माझी हरकत नाही.