रद्द कागदाची फाइल

गेल्या वर्षी मी एक फ्लॅट घेतला आणि चार महिन्यांनी तो घेतला नाही. हे वाक्य व्याकरणात बसत नसलं तरी कायद्यात बसतं.

साठेखत झालं होतं, इसार दिला होता, पेढेही वाटून झाले होते. मग माझं कर्ज अडकलं आणि विकणाऱ्या काकांच्या मुलाला एकाएकी वडिलोपार्जित वास्तूचं प्रेम आलं. (वास्तू 2009 ची होती.) दोघांनाही सुटायचं होतं. मी म्हटलं, "मग काय, टाकू फाडून!"

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "साठेखत नोंदवलेलं आहे. फाडलंत तर तुमची प्रत फाटेल, करार नाही. रद्दलेख करावा लागेल."

म्हणजे करार मोडायलाही करारच! 1872 च्या करार कायद्यातलं कलम 62 हेच सांगतं, असं ते म्हणाले. दोघांनी मिळून जुना करार रद्द करायचं ठरवलं, किंवा त्याच्या जागी नवा आणला, की जुना पाळायला नको. सगळी मेख त्या 'मिळून'मध्ये. एकानंच तणतणत "रद्द!" म्हटलं तर तो करारभंग, आणि मग भरपाई मोजा.

"फसवणूक झाली असेल तर मात्र एकट्यालाही रद्द करता येतो," साहेब म्हणाले.

माझे डोळे चमकले. "झालीय ना! बाल्कनीतून टेकडी दिसते म्हणाले होते. दिसते ती शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर."

"आणि चादर काढल्यावर?"

"टेकडी."

"मग बसा गप. शिवाय तसा करार रद्द केलात, तर त्यातून मिळालेला लाभ परत करावा लागतो."

काकूंनी दर खेपेला खिलवलेले पोहे आठवले आणि मी खरंच गप्प बसलो.

मसुदा आला. त्यात 'सदरचे साठेखत रद्दबातल करण्यात येत आहे' असं होतं. रद्द आणि बातल हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले: रद्द म्हणजे परतवलेलं, बातल म्हणजे पोकळ. एकानं मेलं नाही तर दुसऱ्यानं मरावं, अशी ही दुहेरी व्यवस्था असावी. मी शहाणपणा करून विचारलं, "त्याऐवजी 'निरसन' लिहिलं तर?" तर म्हणे निरसन कायद्याचं होतं, कराराचं नाही. तोवर मला निरसन फक्त शंकेचं होतं एवढंच माहीत होतं. आपल्या कित्येक कायद्यांच्या शेपटाला 'निरसन व व्यावृत्ती' असं एक कलम असतं. जुना कायदा गेला, पण त्याखाली जे होऊन गेलं ते शाबूत, असा त्याचा साधारण मतलब. आमच्या आजीला हे न शिकता येत होतं. सुनांनी डोक्यावर पदर घ्यायचा हा नियम तिनं स्वतःच रद्द केला. 'गावाकडचं कुणी आलं तर सोडून' ही व्यावृत्ती तेवढी ठेवली.

पूर्वी पंचांसमोर काडी मोडली की अख्खा संसार सुटायचा. आम्हाला एक फ्लॅट सोडायला स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातली अख्खी दुपार लागली. तेच टेबल, तोच कॅमेरा, तेच अंगठे. पहिल्या दस्तावरच्या फोटोत काका आणि मी ओळखपत्रावरच्यासारखे घाबरलेले होतो. या फोटोत दोघंही मनापासून हसतोय. त्या चार महिन्यांत आमचं पूर्ण एकमत झालेला हा एकच कागद.

घरी आल्यावर हिनं साठेखताची जाडजूड फाइल उचलली. "ही आता रद्दीत ना? रद्द झालं म्हणजे रद्दीच."

शब्दांचं गोत्र तिनं बरोबर ओळखलं होतं. तरी मी वकीलसाहेबांना फोन लावला.

"अहो, भलतंच काय! नुसता रद्दलेख दाखवलात तर काय रद्द केलं ते कसं कळणार? दोन्ही जपून ठेवा. कायमचे."

आता कपाटात दोन फाइली आहेत. खऱ्या घराच्या कागदांना जागा उरली नाही, म्हणून ते गादीखाली आहेत.