टिटवाळ्याची अंगारकी

मंगळवारी येणाऱ्या संकष्टीला अंगारकी म्हणतात. त्या दिवशी टिटवाळ्यात महागणपतीसाठी लांबच लांब रांग लागते. चंद्रोदयापर्यंत उपवास कडकडीत असतो. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स त्यात मोजायचे नसतात. दूर्वा आणि जास्वंद काही दिवसांत कुजतात, त्यांना आणणारी प्लास्टिकची पिशवी मात्र चिरंजीव. भाद्रपदात घरोघरच्या गणेशमूर्तींची पाठवणीही पाण्यात होते. शाडू विरघळतो, प्लास्टर ऑफ पॅरिसचे बनते जिप्सम, आणि ते सहजी विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध सूचना काढल्या. गणपतीला पुढच्या वर्षी लवकर यायचे आवतण मिळते. प्लास्टरचा गेलेलाच नसतो. मिरवणुकीचे म्हणाल, तर निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डीजेपुढे हा नियम कुणाला ऐकू येत नाही, इतकेच.