कपाटाच्या किल्लीचे मालक यांस

मा. व्यवस्थापकसाहेब,


सिस्टर टिकत नाहीत म्हणून आपण बैठक घेतलीत आणि खापर आखाती देशांवर फोडलंत, हे बरं केलंत. मी उगाच आपल्या ड्यूटीच्या तक्त्यावर संशय घेत होते.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे: साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, आयसीयूत एकाला एक, शिवाय रजांसाठी तीस टक्के जादा. आपण हिशेब सोपा केलात. अख्खा मजला, नाइटला दोघी. त्यातली एक नऊ नंबरला रक्त लावून उभी. पहिली पंधरा मिनिटं तिला खाटेजवळून हलता येत नाही. दुसरी आयसीयूत ‘तात्पुरती’ पाठवलेली. चौदा नंबरचं सलाइन संपलंय आणि त्यांचे जावई काउंटरवर मोबाइल रोखून शूटिंग करताहेत. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देऊन सुटायला साडेनऊ होतात. हे आपल्या पंचिंग मशीनला दिसत नाही. दहा मिनिटांचा उशीर मात्र त्याला लख्ख दिसतो. वर मेमो येतो: ‘रुग्णांशी हसून बोलावे.’

पगाराचं काय सांगावं! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच शिफारस केली: दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, पन्नासपेक्षा कमी असतील तर किमान वीस हजार. आपल्या जाहिरातीत खाटा अडीचशे असतात. पगाराच्या दिवशी त्या कुठे जातात?

तरी आम्हाला टिकवण्याचा एक उपाय आपण मनापासून केलात, हे मान्य. आमची मूळ प्रमाणपत्रं कपाटात आणि किल्ली आपल्या खिशात. तरीही जायची ती जातेच. आयसीयूत हात बसलेली सिस्टर गेली, की त्याच पगारात नवी मुलगी येते. व्हेंटिलेटर वाजला की ती विचारणार कुणाला? विचारायचं जिला, ती कधीच गेली.

महिन्याचा तक्ता आधी लावा, नाइटनंतरचा ऑफ फोन करून मोडू नका, जादा तासांचे पैसे द्या. इतकं झालं असतं तर माझ्यासारख्या बऱ्याच जणी थांबल्या असत्या. पण यात खर्च आहे. किल्ली फुकट पडते.

आपली,
स्टाफ नर्स

ता. क. राजीनामा मेट्रनबाईंकडे दिला आहे. नोटिशीचा महिनाभर आपण मला नाइटच लावल्यात. तेवढ्यात माझी प्रमाणपत्रं काढून ठेवा.