टोकन देऊ नकोस

हिंजवडीतल्या बऱ्याच आयटी कंपन्यांची नेमणूकपत्रं सांगतात: नोकरी सोडायची असेल तर ९० दिवस आधी कळवा. कंपनीलाच माणूस काढायचा असेल तर? सकाळी एचआरची मीटिंग, दुपारी लॅपटॉप जमा, संध्याकाळी कार्ड बंद. नोटिशीचा पगार मिळतो, वेळ मिळत नाही. यादी ठरल्यापासून त्या मीटिंगपर्यंत मॅनेजर, एचआर, फायनान्स अशा कितीतरी जणांना नावं ठाऊक असतात. ज्याचं नाव आहे तो मात्र वाकडला टू बीएचके बघत फिरत असतो.

त्याला सांगावं का? सांगावं.

सांगणाऱ्याची नोकरी जाऊ शकते, हे खरं आहे. गोपनीयतेच्या करारावर त्याची सही असते. पण ग्राहकाचा कोड किंवा टेंडरचा आकडा ही कंपनीची गुपितं. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा पुढच्या महिन्याचा हप्ता निघणार की नाही, हे कंपनीचं गुपित कसं झालं?

अमेरिकेत १९८८च्या कायद्याने १०० किंवा अधिक कामगारांच्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवस लेखी कळवावं लागतं. आपल्याकडे महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई आहे, पण ती कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराला. मॅनेजर त्यात बसत नाही. शिवाय राजीनामा लिहून घेतला की कागदोपत्री कपात झालेलीच नसते. २०२५च्या जुलैत टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. मुलं शाळेत, आईवडील कंपनीच्या मेडिक्लेमवर आणि डोक्यावर घराचं कर्ज, अशी ही फळी. आकडा देशाला कळला. नावं ज्याची त्याला शेवटी.

महिनाभर आधी कळलं तर फ्लॅटचं टोकन थांबतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अलीकडे घेता येतं, कारण कंपनीचा विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ उतरवून घेता येतो. हातात नोकरी असताना मुलाखत देता येते, आणि तेव्हा पगाराबद्दल ताठ मानेने बोलता येतं. मुख्य म्हणजे राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला जातो, तेव्हा "घरी विचारून सांगतो" म्हणण्याइतकी तयारी झालेली असते. अचानक गाठलेला माणूस सही करून मोकळा होतो.

मात्र टपरीवरची कुजबुज कुणाच्या कानात ओतू नये. तिने झोप तेवढी उडते. यादी स्वतः पाहिली असेल, तरच बोलावं. ऑफिसच्या चॅटवर, मेलवर तर नाहीच. खाली उतरून, समोरासमोर. इतरांची नावं न घेता एवढंच: "टोकन देऊ नकोस. बायोडेटा आजच नीट कर."

एचआरमधल्या बाईंची अडचण मला कळते. यादी सांभाळणं हेच त्यांचं काम. त्यांनी आपणहून सांगावं असा आग्रह मी धरणार नाही. पण कुणी केबिनमध्ये येऊन विचारलं, "मॅडम, घर घेतोय, काही गडबड नाही ना?", तर "बिनधास्त घ्या" म्हणायचा पगार त्यांना मिळत नाही. "यावर मला बोलता येणार नाही, थोडं थांबा," एवढं त्या नक्की म्हणू शकतात.