ग्रीष्मकालीन द्वारचिकित्सा: कर्त्या पुरुषांसाठी एक मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शिकेचा विषय चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात अडकणारे घरचे दार हा आहे. ‘अडकलेले दार’ या संज्ञेत असे प्रत्येक दार अंतर्भूत समजावे, की जे उघडण्यासाठी हात एक आणि सल्ले तीन लागतात. क्षेत्रमर्यादा मुळशी तालुक्यातील चांदे या गावाची घातली आहे, कारण या लहानशा टापूत दारांच्या सर्व जाती एकत्र नांदतात: गावठाणात सागवानी चौकटीची जुनी घरे, प्लॉटवर लोखंडी सेफ्टी डोअर लावलेले बंगले, हिंजवडीच्या नोकरदारांना नजरेसमोर ठेवून उभ्या राहिलेल्या इमारतींतील फ्लश डोअर, आणि सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद राहणारी फार्महाउसे. या सर्वांत सामाईक असलेला एकमेव घटक म्हणजे कर्ता पुरुष. कर्ता पुरुष म्हणजे घरातील ती व्यक्ती, जिच्या हातात हातोडी असते, जिचे निदान तयार असते आणि जिने बिजागरीकडे अद्याप पाहिलेले नसते.

नियम १: आरोप ठेवण्यापूर्वी ऋतू तपासावा

लाकूड हवेतील बाष्प शोषते तेव्हा फुगते आणि सोडते तेव्हा आक्रसते. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात ते किती आहे याचे प्रमाण, पुणे परिसरात एप्रिलच्या दुपारी ३० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि भर पावसाळ्यात ८० च्या वर राहते. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत दीर्घकाळ राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी उरते, तर ८० टक्क्यांच्या हवेत ते १५-१६ टक्क्यांपर्यंत चढते. रंग आणि पॉलिश ही ये-जा मंदावतात, थांबवत नाहीत. यावरून असे सिद्ध होते की वैशाखातले लाकडी दार वर्षभरातील आपल्या सर्वांत अरुंद अवस्थेत असते. तरीही कर्ता पुरुष दारापुढे उभा राहून ‘लाकूड फुगलंय’ असे निदान देतो. हेच निदान त्याने आषाढात दिलेले असते आणि तेव्हा ते बरोबर होते, एवढाच काय तो या निदानाचा पूर्वेतिहास. वास्तविक हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, शिवाजीनगरची ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणून ओळखली जाते, आणि आर्द्रतेचे आकडे रोज वर्तमानपत्रांत छापून येतात. तेव्हा पुणे जिल्ह्यातील गृहस्थाला या बाबतीत अज्ञानाची सबब उरलेली नाही.

नियम २: दार कोठे घासते ते पाहावे

लाकूड सर्व दिशांना सारखे आक्रसत नाही. ओले सागवान पूर्ण सुकेपर्यंत वाढवलयांना समांतर दिशेने सुमारे ५.८ टक्के, वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि खोडाच्या लांबीच्या दिशेने अवघे ०.१ ते ०.२ टक्के आक्रसते. म्हणून लाकडी दाराची रुंदी ऋतूप्रमाणे बदलते, उंची जवळजवळ बदलत नाही. सबब, दार खाली फरशीला घासत असेल तर लाकडाला तत्काळ निर्दोष सोडावे आणि पुढील नियमाकडे वळावे.

हे गणित जुन्या सुतारांना आकड्यांवाचून अवगत होते. त्यांनी दाराची चौकट कुसू आणि खाचेने पक्की केली, परंतु मधली फळी कडेच्या खोबणीत सरस न लावता सैल सोडली, जेणेकरून तिला आषाढात पसरायला आणि वैशाखात आकसायला जागा राहावी. उन्हाळ्यात ही फळी किंचित खुळखुळते. कर्त्या पुरुषाला खुळखुळ सहन होत नाही. तो खोबणीत चारी बाजूंनी फेव्हिकॉल भरतो, चार दिवस समाधानाने दार उघडझाप करून पाहतो, आणि पुढे कधीतरी फळी मधोमध उभी तडकली की हल्ली पूर्वीसारखे लाकूड मिळत नाही, असा शेरा मारतो. ते लाकूड पूर्वीचेच असते. त्याच्या आजोबांनी घेतलेले असते.

नियम ३: दार वर उचलून पाहावे

दार अर्धे उघडावे, मुठीला धरून वर उचलावे आणि त्या वेळी वरच्या बिजागरीकडे पाहावे. बिजागरी हलली, स्क्रू मागेपुढे झाले, तर निदान संपले. कडीच्या बाजूला लटकलेले दाराचे वजन वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर ओढते आणि खालचीला आत दाबते. उन्हाळ्यात लाकूड सुकून स्क्रूची भोके सैल होतात, वरचा स्क्रू पकड सोडतो आणि दार कडीच्या बाजूने उतरते. फरशीवर जो चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटलेला असतो तो याच उतरण्याचा लेखी पुरावा होय. उपाय असा: स्क्रू काढावा, भोकात फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काडक्या किंवा गूल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकून बसवाव्यात, रात्रभर सुकू द्याव्यात, वर आलेला भाग कापावा आणि थोडा अधिक लांबीचा स्क्रू पिळावा. खर्च चहाच्या एका कपाहून कमी येतो, आणि बहुधा याच कारणाने हा उपाय कोणी मनावर घेत नाही.

या ठिकाणी एका उपेक्षित ज्ञानपरंपरेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ज्या घरात दार उतरलेले असते, त्या घरातील बाईला ते उघडण्याची रीत ठाऊक असते: डाव्या हाताने मूठ जरा वर उचलायची, पाऊल दाराच्या बुडाशी टेकवायचे आणि मग आपल्याकडे ओढायचे. एका कडेवर लेकरू आणि दुसऱ्या हातात दुधाची पिशवी असतानाही ती हे करते. मूठ वर उचलल्याने दार उघडते याचाच अर्थ दार उतरले आहे, म्हणजे अचूक निदान त्या घरात गेली कित्येक वर्षे दिवसातून वीस वेळा होत आलेले आहे. कर्ता पुरुष त्याच दारातून ये-जा करतो. तिला विचारावे असे त्याच्या मनात येत नाही, आणि विचारले नाही म्हणून तीही सांगत नाही, फक्त पाहुणे आले की आतून हाक येते, “अहो, जरा उचलून ओढायला सांगा त्यांना!”

नियम ४: लाथ मारू नये

लाथेने दार उघडते, परंतु नियम ३ मधला स्क्रू निघतो.

नियम ५: घड्याळ पाहावे

लाकडात पाण्याचे प्रमाण बदलायला दिवस आणि आठवडे लागतात, धातूला तापायला दुपार पुरते. म्हणून जे दार सकाळी सहाला मुकाट्याने उघडते, दुपारी चारला हटून बसते आणि रात्री पुन्हा शहाण्यासारखे वागते, ते लोखंडाचे किंवा प्लॅस्टिकचे असते आणि पश्चिमेला तोंड करून असते. लोखंडाची लांबी दर अंश सेल्सिअसमागे सुमारे एक कोटी भागांत १२० भाग वाढते, २.१ मीटर उंचीचे काळ्या रंगाचे दार पहाटेच्या २० अंशांवरून पश्चिमेच्या उन्हात ६० अंशांवर गेले, तर ते उंचीत सुमारे एक मिलिमीटर वाढते. चौकट भिंतीत रुतलेली असल्यामुळे ती तेवढी तापत नाही, आणि दोहोंमधली जी फट घडवणाऱ्याने ठेवलेली होती ती दर दिवाळीच्या ऑईलपेंटने आधीच बुजलेली असते. बाल्कनीच्या यूपीव्हीसी दारांची वाढ लोखंडाच्या पाचपट वा त्याहूनही अधिक असते; तेवढ्याच उंचीचा भाग ३० अंशांनी तापला की सुमारे चार मिलिमीटर लांबतो.

यावर दारावर बादलीभर पाणी ओतण्याचा उपाय प्रचलित आहे. तो लागू पडतो, मात्र गंज त्याहून लवकर लागू पडतो. योग्य उपाय म्हणजे घासणाऱ्या कडेवरचा साचलेला रंग खरवडणे, फिका रंग देणे आणि दारावर सावली करणे. पश्चिमेला सलग काळ्या पत्र्याचे दार मुळात का बसवले, हा प्रश्न घरात काढू नये. ते कर्त्या पुरुषाने स्वतः पसंत केलेले असते.

नियम ६: दार कमानले आहे का, ते पाहावे

दाराची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असली की उन्हाची बाजू आधी सुकते, आक्रसते, आणि पाखे त्या बाजूला खोलगट होते. मग मधली कडी लागते तेव्हा वरचा कोपरा बाहेर राहतो आणि वरचा कोपरा दाबला की खालचा निघतो. दर्शनी बाजूला सनमायका आणि आतल्या बाजूला नुसता रंग, अशी काटकसर केलेल्या फ्लश डोअरमध्ये हा दोष विशेष आढळतो, कारण दोन्ही बाजू बाष्पाची देवघेव सारख्या गतीने करीत नाहीत. सनमायका लावायचा तर दोन्ही बाजूंना लावावा. आतून कोण बघतंय, हा युक्तिवाद लाकडाला कळत नाही. घन लाकूड घेणाऱ्याने ते सुकवलेले घ्यावे. भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे हवेतील आर्द्रतेप्रमाणे विभाग पाडून कोणत्या विभागात दारांच्या लाकडात किती ओलावा चालेल हे दिलेले आहे. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून भर पावसात लाकूड आणून गणपतीपूर्वी दार बसवणाऱ्याने ते मानक न वाचलेलेच बरे, उगाच मनाला लागते.

नियम ७: दार चिकटले आहे की अडकले आहे, याचा विवेक करावा

लग्नघाईत एप्रिलमध्ये दिलेला ऑईलपेंट वरून सुकल्यासारखा दिसतो, पण आतून पुरता कडक झालेला नसतो. उन्हाने मऊ पडून दाराचा रंग चौकटीच्या रंगाला धरतो. असे दार ‘चर्र’ असा आवाज करीत उघडते आणि रंगाची साल सोबत घेऊन येते. दोन्ही कडांना मेणबत्ती घासावी अथवा अंगाला लावायची पावडर चोळावी.

नियम ८: बिजागरीला खोबरेल घालू नये

त्यावर धूळ बसून चिकटा होतो. शिलाई मशिनचे तेल घालावे. खोबरेलाच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच, की ते हाताशी असते.

नियम ९: दोष जमिनीचा असेल तर सुतारास छळू नये

दारावरची फट एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला शून्य असेल, चौकटीच्या कोपऱ्यापासून भिंतीत तिरकी भेग गेली असेल, तर चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे भरले नाहीत तर चौकट काटकोनात राहिलेली नाही आणि गुन्हेगार दारात नसून पायाखाली आहे. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे थर पाणी शिरले की पसरतात आणि पाणी गेले की मिटतात. म्हणून उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया या मातीतच थांबलेला असेल तर एखादा कोपरा खचतो, चौकट तिरकी होते आणि बिचारे दार मात्र पूर्वीइतकेच चौकोनी राहते. जुनी माणसे मुरूम लागेपर्यंत पाया खणायला सांगत, ती याच कारणासाठी. पाया घातला गेला असेल तर जोत्याभोवती पाणी मुरू न देणारी फरसबंदी उतार देऊन करावी, भिंतीला लागून मोठे झाड लावू नये, आणि भेग रुंदावत असेल तर अभियंत्याला दाखवावी. पुट्टी भरून भेग दिसेनाशी होते, हे कर्त्या पुरुषाचे मत अक्षरशः खरे आहे.

नियम १०: सुतारास त्याच्या पद्धतीने पाहू द्यावे

चांगला सुतार आल्याबरोबर रंधा काढत नाही. तो दार दोनदा उघडझाप करतो, बिजागरीवर बोट ठेवतो, गुण्या लावतो, ओळंबा सोडतो आणि बराच वेळ काही बोलत नाही. या वेळात कर्त्या पुरुषाने लाकूड फुगल्याचा सिद्धान्त मांडू नये. तो मांडतोच. सुतार ‘हां, असंल’ म्हणतो आणि बिजागरीचे स्क्रू आवळू लागतो. केवळ कडी कोयंड्यात बसत नसेल तर तो दाराला हातही न लावता पट्टीचे भोक कानशीने दोन मिलिमीटर वाढवतो. शुक्रवारी रात्री फार्महाउसच्या दाराशी मोबाईलच्या उजेडात झगडणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कामाला पाच मिनिटे लागली म्हणून पैशांची घासाघीस करू नये. पाच मिनिटे हातांची असतात, आधीच्या तीस वर्षांचा हिशेब कोणी मागत नाही.

नियम ११: रंधा वैशाखात मारावा, माप श्रावणातले घ्यावे

पावसाळ्यात फुगलेले दार तेव्हाच रंधले तर उन्हाळ्यात फट पडते, आणि उन्हाळ्यात अंदाजाने रंधले तर पावसाळ्यात पुन्हा अडकते. कर्ता पुरुष या पेचातून असा मार्ग काढतो की श्रावणात तो ‘उन्हाळ्यात सैल होईल’ म्हणतो आणि वैशाखात ‘पाऊस पडू दे, मग बघू’ म्हणतो. अशा रीतीने एका दाराने त्याची अख्खी नोकरी आणि निवृत्तीची सुरुवात पार पडते. शास्त्रोक्त क्रम असा: श्रावणात दार कोठे आणि किती घासते त्याचे माप घ्यावे, वैशाखात दार उतरवून तेवढेच रंधावे, आणि परत बसवण्यापूर्वी सहाही बाजूंना रंग द्यावा. वरची आणि खालची कड विशेष महत्त्वाची, कारण उभ्या तंतूंची उघडी टोके तेथे असतात आणि लाकूड सर्वांत जास्त पाणी त्या टोकांतून पिते. खालच्या कडेला रंग देण्यासाठी दार काढावे लागते, म्हणून रंगारी ती सोडतो. वरची कड कोणाला दिसत नाही, म्हणून तीही सोडतो.

राहता राहिला श्रावणातले माप वैशाखापर्यंत टिकवण्याचा प्रश्न. दाराच्या दर्शनी कडेवर केलेली पेन्सिलीची खूण दिवाळीच्या साफसफाईत हमखास पुसली जाते, आणि वहीत लिहिलेले माप त्या वहीबरोबर रद्दीत जाते. म्हणून ते स्टुलावर चढून दाराच्या वरच्या कडेवर लिहावे. तेथे फडके पोहोचत नाही, आणि रंगाऱ्याचा ब्रश तर आजवर कधीच पोहोचलेला नाही.