हिचकॉकला घोड्यावर बसवणारे काका

प्रत्येक फिल्म क्लबात एक काका असतातच, ज्यांना सिनेमा जसा आहे तसा बघवत नाही. पडद्यावर एक चालू असतो, डोक्यात दुसरा, आणि चहा येईपर्यंत दोघांचं लग्न लागलेलं असतं. वरपक्ष हिचकॉक, वधूपक्ष काऊबॉय.

'समजा' ही त्यांची सुरुवात. तो शब्द कानावर पडला की जुने सभासद चपला शोधायला लागतात. नवखा सापडतो.

"समजा, 'सायको'तल्या बेट्स मोटेलात जॉन वेन उतरला. काय होईल?"

नवखा विचारात पडतो.

"काही होणार नाही! तो आंघोळच करत नाही. नॉर्मनचा धंदा बसला!" काका खदखदतात, चहा बशीत. "आता समजा, ट्युको उतरला..." इथे ते उभे राहतात, शबनम पडद्यासारखी तोंडासमोर धरतात. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधला ट्युको टबातल्या फेसात पिस्तूल लपवून बसतो, हे या मंडळींना सांगावं लागत नाही. सुरी वर जाते, आणि शबनमआडून 'ढिश्याँव'! सिनेमा पाऊण तासात खलास.

खरी मेहनत मात्र 'हाय विंडो'वर. 'हाय नून' (१९५२) अधिक 'रिअर विंडो' (१९५४). मार्शलचा पाय प्लास्टरमध्ये. बाराच्या गाडीने खुनी यायचाय. गाव खिडक्या लावून बसलंय आणि हा चाकाच्या खुर्चीतून लांब पल्ल्याची लेन्स लावून एकेक खिडकी न्याहाळतोय. "नटी एकच, ग्रेस केली! दोन्हीकडे आहेच ती. निर्मात्याचा एक पगार वाचला." शिवाय ऐन वेळी दोन्हीकडे तीच पुढे सरसावते: एकीकडे संशयिताच्या घरात खिडकीतून शिरते, दुसरीकडे अहिंसावादी क्वेकर असूनही गोळी झाडते. जेम्स स्टुअर्टही दोन्ही पक्षांचा. हिचकॉकचा हा लाडका नट 'विंचेस्टर ७३'मध्ये बंदुकीमागे वणवण करून आलेला. काकांना एवढं भांडवल पुरतं.

त्यांची बहुतेक जोडकामं दहा मिनिटांत कोसळतात. कारण साधं आहे. थरारपटात माणूस अडकलेला लागतो, वेस्टर्नमध्ये त्याच्या कमरेला पिस्तूल लागतं. पिस्तूल आलं की रहस्य संपलं. 'हाय नून' तेवढा टिकतो, कारण तो मुळातच टोपी घातलेला थरारपट आहे. त्यात बंदुकांपेक्षा भिंतीवरचं घड्याळ जास्त दहशत घालतं. हे काकांना सांगून बघितलं. "समजा, ते घड्याळच बंद पडलं," असं म्हणून त्यांनी पुढची पाऊण तासाची सोय केली.

कधी गाठ पडलीच तर 'व्हर्टिगो'चा विषय मात्र काढू नका. त्यात घोडा कुठून घुसवायचा, यावर ते फार दिवस डोकं लढवत होते. हिचकॉकने तो १९५८ सालीच आणून ठेवलाय. जुन्या मिशनच्या तबेल्यात, गाडीपाशी उभा. तोही खोटा.