जोखमीचे मानकरी

परमुलखात जाऊन भूगर्भातील द्रव्य उपसणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत राजकीय जोखमीचे एक प्रकरण असते, आणि त्यात करुणरसाचा परिपोष असा काही साधलेला असतो की, दोनचार पाने वाचताच कोणाही सहृदय वाचकाला वाटावे, लंडन-टोरांटोचे हे निरुपद्रवी भागधारक घरची शेकोटी सोडून कोणत्या लहरी सुलतानाच्या तावडीत सापडले! या रसाचा आस्वाद ज्याला यथासांग घ्यावयाचा असेल, त्याने टांझानियात 2017 साली जे घडले ते अवश्य वाचावे.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी सोन्या-तांब्याचे अशुद्ध खनिज परदेशी धाडण्यास मनाई करणारे फर्मान काढले, आणि अकेशिया नामक कंपनीचे कंटेनर दार-ए-सलामच्या बंदरात अडकून पडले. चौकशीस नेमलेल्या समितीला त्यांत जाहीर केल्याच्या दसपट सोने असल्याचा साक्षात्कार झाला, व खनिजमंत्र्यांची गच्छंती झाली. हा हिशेब खरा मानल्यास आपल्या खाणी जगातील सर्वांत मोठ्या खाणींच्या पंक्तीस जाऊन बसतील, असे कंपनीने निवेदन केले. परंतु एवढे भाग्य उदयास आल्याची वार्ता तिच्या भागधारकांना तोवर कोणी दिलेली नव्हती. जुलैमध्ये थकलेला कर, व्याज आणि दंड मिळून 190 अब्ज डॉलरांचा तगादा लागला. त्यात मूळ कर 40 अब्जांचा आणि उरलेले 150 अब्ज व्याज-दंडाचे. म्हणजे देशाच्या एका वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या तिपटीहून मोठी रक्कम सरकारने एका कंपनीच्या नावे मांडली. कोकणातल्या जुन्या सावकारानेही अशी वही पाहून आदराने पगडी उतरवली असती.

त्याच महिन्यात कायदेही संमत झाले: खाणीत सरकारचा किमान 16 टक्के हिस्सा विनामूल्य, सोन्यावरील स्वामित्वशुल्क 4 टक्क्यांवरून 6 टक्के, आणि जुन्या करारांतील ज्या अटी सदसद्विवेकाला रुचत नाहीत त्यांवर फेरवाटाघाट करण्याचा अधिकार. विवेक जागृत झाला ही आनंदाचीच गोष्ट होय. मात्र स्वातंत्र्यापासून त्या देशात एकाच पक्षपरंपरेची अखंड सत्ता असल्यामुळे ज्या हाताने त्या अटींखाली सही केली तोच हात आता मूठ आवळून वर गेला होता, आणि मधल्या दीर्घ निद्रेचा जबाब कोणीही कोणाकडे मागितला नाही.

पुढे ऑक्टोबरात अकेशियाची मातृसंस्था असलेल्या कॅनडाच्या बॅरिक कंपनीचे अध्यक्ष जॉन थॉर्नटन यांच्याशी तह ठरला. खाणींचा आर्थिक लाभ निम्मा-निम्मा, सरकारला 16 टक्के मालकी, आणि जुन्या वादाच्या परिमार्जनार्थ 30 कोटी डॉलर. म्हणजे मागितलेल्या दर शंभर डॉलरांमागे सुमारे सोळा सेंट! 2019 साली बॅरिकने अकेशियाचे उरलेले समभाग विकत घेतले, आणि या गदारोळात त्यांचा भाव पुरेसा ढासळलेला असल्यामुळे राजकीय जोखीम ही खरेदीदाराच्या दृष्टीने किती शुभशकुनी वस्तू आहे हे अल्पसंख्य भागधारकांना विनामूल्य समजले. त्यानंतर सरकार व कंपनी यांची ट्विगा नावाची संयुक्त संस्था जन्मास आली, आणि काल ज्याला लुटारू म्हटले त्याच्या शेजारी सरकार भागीदार म्हणून विराजमान झाले.

मालीच्या लष्करी राजवटीने हेच शास्त्र पुढील इयत्तेत नेले. 2024 च्या नोव्हेंबरात बोलणी करण्यास राजधानी बामाकोला आलेल्या रेझोल्यूट या खाणकंपनीच्या मुख्याधिकाऱ्याला तिने अटकेत ठेवले, आणि 16 कोटी डॉलरांचा नजराणा कबूल झाल्यावर मोकळे केले. 2025 च्या जानेवारीत तर बॅरिकच्या खाणीवरून सुमारे 3 टन सोने हेलिकॉप्टरने उचलून नेले. वर्ष सरण्याआधी तिथेही तह झाला. रणांगण कितीही धुमसो, तहाच्या मेजाभोवतीच्या खुर्च्या दोनच असतात.

तिसऱ्या खुर्चीचा हक्कदार टांझानियातील बॅरिकच्या नॉर्थ मारा खाणीच्या कुंपणापलीकडे राहतो. खाणीच्या टाकाऊ दगडांतून सोन्याचा कण वेचण्यासाठी तो आत शिरला की कंपनीच्या दप्तरात त्याची नोंद घुसखोर अशी होते, आणि 2011 च्या मे महिन्यात तेथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात किमान पाच माणसे मेली. 190 अब्जांच्या मागणीत त्यांचा हिशेब नव्हता, 30 कोटींच्या तडजोडीतही नव्हता. आणि कंपनीच्या जोखमीच्या प्रकरणात त्यांचा उल्लेख आला तर तो भागधारकांना होऊ शकणाऱ्या उपद्रवाचे कारण म्हणून.

आता या विषयावर एक विधायक सूचना. जागतिक बँकेच्या परिवारात 1988 पासून मिगा नामक एक संस्था गुंतवणूकदारांना राजकीय जोखमीचा विमा देते. टांझानियाच्या बुल्यानहुलू खाणीलाही तिचे छत्र लाभले होते. मालमत्ता हिरावली जाणे, अंतर्गत हिंसाचार आणि सरकारकडून कराराचा भंग, या तिच्या विम्यातील मुख्य आपत्ती. नॉर्थ माराच्या रहिवाशाने ही यादी वाचली तर आपलेच चरित्र कोणीतरी कलमवार लिहून काढले आहे असे वाटून तो गहिवरेल. त्याने अर्ज जरूर करावा. फक्त तो फेटाळला जाईल हे आधीच सांगून ठेवणे इष्ट, कारण पात्रतेची पहिली अट त्याला पुरी करता येत नाही: तो त्या देशात परका नाही.